मुळ्यांची रात्र, नांदरूकाची सावली आणि वर्ध्याचे खानखोजे

मेक्सिकोतल्या कुठल्याही जुन्या शहरात उतरलात, की पहिली संध्याकाळ मुख्य चौकासाठी राखून ठेवा. पिरॅमिड, संग्रहालयं, बाजार, सगळं दुसऱ्या दिवशी. चौक शोधावा लागत नाही. चर्चचे मनोरे दिसतील त्या दिशेनं चालत सुटायचं. एका बाजूला चर्च, दुसरीकडे नगरपालिका, उरलेल्या बाजूंना कमानींचे व्हरांडे आणि त्यांच्याखाली कॉफीची टेबलं. मधोमध बँडवाल्यांसाठी बांधलेला गोल मंडप, त्याला म्हणतात ‘किओस्को’. भोवती झाडं आणि लोखंडी बाकं. उन्हं उतरली की अख्खं गाव इथे लोटतं. आजी-आजोबा बाकावर, पोरं फुगेवाल्याच्या मागे, बूट चमकवणारे ‘बोलेरो’ आपल्या उंच खुर्च्यांपाशी. आणि या सगळ्याला तिकीट नाही.

चौक आधी, गाव नंतर

सगळीकडे एकसारखीच मांडणी कशी, याचं उत्तर सरकारी कागदात आहे. स्पेनचा राजा दुसरा फेलिपे यानं 1573 मध्ये नवी गावं कशी वसवावीत याचे नियम काढले. त्यात चौकाचं अगदी बारीक वर्णन आहे. चौक लांबट हवा, लांबी रुंदीच्या किमान दीडपट, कारण सणासुदीला घोड्यांचे खेळ होतात आणि त्यांना लांबट जागा सोयीची. 200 बाय 300 फुटांहून लहान नको, 532 बाय 800 फुटांहून मोठा नको. भोवती कमानींचे व्हरांडे हवेत, कारण तिथे व्यापारी जमतात. चौकाचे कोपरे चार मुख्य वाऱ्यांच्या दिशांना हवेत, म्हणजे वारा थेट रस्त्यांत घुसणार नाही. गाव समुद्रकाठी असेल तर चौक धक्क्याजवळ, आत असेल तर गावाच्या मध्यावर. घरं किती होतील, माणसं किती येतील याचा पत्ता नसताना आधी मोकळी जागा आखायची आणि मग तिच्याभोवती गाव वाढू द्यायचं, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

गंमत म्हणजे मेक्सिको सिटी आणि वाहाका ही शहरं या नियमांहूनही जुनी. दोन्ही आखली आलोन्सो गार्सिया ब्राव्हो या एकाच माणसानं, 1520 च्या दशकात.

एक चौथरा, एक पाय आणि आपला चिकू

मेक्सिको सिटीच्या चौकाचं कागदोपत्री नाव ‘संविधान चौक’. हे संविधान मेक्सिकोचं नव्हे, तर स्पेनमधल्या कादिसचं, 1812 सालचं. पण तुम्ही टॅक्सीवाल्याला ‘सोकालो’च सांगायचं. सोकालो म्हणजे चौथरा. 1843 मध्ये राष्ट्राध्यक्ष सान्ता आन्नानं इथे स्वातंत्र्याचा भव्य स्तंभ उभारायचं ठरवलं. चौथरा झाला, स्तंभ राहिला. लोक चौथऱ्यापाशी भेटू लागले, चौकाला तेच नाव पडलं आणि पुढे देशातल्या कितीतरी गावांनी आपापल्या चौकासाठी ते उचललं. तो मूळ चौथरा 2017 मध्ये पुरातत्त्ववाल्यांना फरसबंदीखाली सापडला.

या सान्ता आन्नाची हकिकत इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1838 मध्ये फ्रेंच आरमारानं व्हेराक्रूझ बंदरावर हल्ला केला. नुकसानभरपाईच्या दाव्यांवरून भांडण पेटलं होतं आणि दावेदारांत एक फ्रेंच केकवालाही होता, म्हणून इतिहासात हे ‘पेस्ट्री युद्ध’ म्हणून नोंदलं गेलं. त्यात सान्ता आन्नाचा पाय गेला. 1842 मध्ये त्यानं तो पाय राजधानीत आणून लष्करी इतमामात पुरला. दोनच वर्षांत सत्ता गेली, तेव्हा चिडलेल्या जमावानं तो उकरून रस्त्यांवरून फरफटवला. लाकडी पाय 1847 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या हाती लागला आणि तो आजही इलिनॉय राज्याच्या लष्करी संग्रहालयात आहे.

पुढे वनवासात न्यूयॉर्कला असताना सान्ता आन्नानं टॉमस अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थाला ‘चिक्ले’ दाखवला. चिक्ले म्हणजे दक्षिण मेक्सिकोतल्या एका झाडाचा चीक. त्यापासून रबर बनवता येईल असा बेत होता. रबर काही जमलं नाही. अ‍ॅडम्सनं त्या चिकाच्या गोळ्या करून चघळायला विकल्या आणि च्युइंग गमचा आधुनिक धंदा उभा राहिला. ते झाड म्हणजे चिकू. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत आज जे डौलात उभं आहे, त्याचं माहेर मेक्सिकोकडचं.

खांबाची सावली सरकते, माणसंही सरकतात

सोकालो अवाढव्य आहे आणि पूर्ण उघडा. एकेकाळी इथे झाडं होती, ट्रामचा थांबा होता. आता मध्यभागी फक्त राष्ट्रध्वजाचा प्रचंड खांब आहे. रोज सैनिकांची तुकडी कवायत करत येते, ध्वज चढवते आणि संध्याकाळी उतरवून घडी घालून नेते. उतरवतानाचा सोहळा जरूर पाहा. तो कापडाचा डोंगर जमिनीला लागू न देता गुंडाळायला सैनिकांची रांगच्या रांग लागते.

दुपारी मात्र दुसरीच गंमत. चौकात सावली फक्त त्या खांबाची. त्यामुळे उन्हाच्या वेळी माणसं त्या बारीक सावलीत एकामागे एक उभी राहतात आणि सूर्य फिरेल तशी ती रांगही घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. फ्रान्सिस आलिस या कलावंतानं मे 1999 मध्ये एक दिवसभर या रांगेचं चित्रीकरण करून त्याची कलाकृती केली.

पायाखाली तर अख्खं अ‍ॅझ्टेक शहर पडलंय. 1790 मध्ये चौक सपाट करताना आधी कोआत्लिक्वे देवीची मूर्ती निघाली. लोक पुन्हा पूजा सुरू करतील या धास्तीनं ती परत पुरून टाकली गेली. त्याच डिसेंबरात सुमारे 24 टनांची प्रसिद्ध सूर्यशिळा निघाली. ती पुढची जवळजवळ शंभर वर्षं कॅथेड्रलच्या मनोऱ्याला टेकवून ठेवली होती. 21 फेब्रुवारी 1978 ला वीजमंडळाचे कामगार चौकाच्या कोपऱ्याजवळ खणत होते, तेव्हा चंद्रदेवी कोयोल्शाउकीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा लागली. तिच्यामुळेच मुख्य मंदिराचं, ‘तेम्प्लो मायोर’चं, उत्खनन सुरू झालं.

आणि हे सगळं खचतंय. शहर जुन्या सरोवराच्या गाळावर उभं आहे आणि जमिनीखालचं पाणी उपसलं जातंय. 1573 ते 1813 अशी 240 वर्षं बांधलेली कॅथेड्रल एका बाजूला जास्त बसली, दुसऱ्या बाजूला कमी. आत घुमटातून एक ओळंबा सोडलेला आहे. इमारत कुठून कुठे कलली ते त्याखालच्या खुणांवर वाचता येतं. मेणबत्त्यांपेक्षा लोक त्या ओळंब्यापाशीच जास्त रेंगाळतात.

15 सप्टेंबरच्या रात्री या चौकात पाय ठेवायला जागा नसते. राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन घंटा वाजवतात आणि मेक्सिकोच्या नावानं जयजयकार करतात. 1810 मध्ये मिगेल इदाल्गो या पाद्र्यानं दोलोरेस गावात जी घंटा वाजवून लोकांना स्वातंत्र्यासाठी उठवलं, तीच ही घंटा. ती 1896 मध्ये राजधानीत आणली. 2025 मध्ये क्लाउदिया शेनबाउम यांनी ती वाजवली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

मृतात्म्यांच्या दिवसाची भव्य मिरवणूक मात्र नवी आहे, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. 2015 च्या ‘स्पेक्टर’ या बाँडपटात सोकालोतली मिरवणूक दाखवली होती. ती पटकथेसाठी रचलेली होती. पर्यटक तसंच काही बघायला येणार हे ओळखून शहरानं 2016 पासून खरी मिरवणूक सुरू केली. घरातला ओटा सजवून गेलेल्यांसाठी जेवण मांडायची प्रथा मात्र कित्येक शतकांची. त्या ओट्यावर लागतो सेम्पासुचिल, म्हणजे आपला झेंडू. आत्म्याला वाट सापडावी म्हणून दारापासून पाकळ्यांची पायवाट घालतात. दसऱ्याचं तोरण ज्याच्याशिवाय होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच.

वाहाका: इथे मुळ्याला बक्षीस मिळतं

मला एकच चौक निवडायला सांगितलं तर मी वाहाकाचा निवडेन. राजधानीचा चौक डोळे दिपवतो, वाहाकाचा मांडीवर बसवून घेतो. वर गर्द झाडं आहेत, त्यांना तिथे ‘लॉरेल दे ला इंदिया’ म्हणतात. झाड पाहिलं की ओळख पटते: वडापिंपळाच्या कुळातलं आपलं नांदरूक! भारत-आग्नेय आशियाकडचं हे झाड मेक्सिकोनं आपल्या चौकांसाठी उचललं. ग्वानाहुआतो आणि सान मिगेल दे आयेंदेला ते छाटून भिंतीसारखं सरळ ठेवतात. वाहाकाला त्याला मनाजोगं पसरू दिलंय.

त्याखाली बसलं की विक्रेते येतात. रेबोसो म्हणजे विणलेल्या ओढण्या, लाकडाचे रंगीत प्राणी, भाजलेले शेंगदाणे. आणि टोपल्यांत लालसर ‘चापुलिनेस’, म्हणजे लसूण, लिंबू आणि मीठ लावून तव्यावर भाजलेले टोळ. विक्रेती बाई चमचाभर तळहातावर ठेवते. कुरकुरीत, आंबट, खारट. मांसाहार चालत असेल तर मागे हटू नका. हे खाल्लं की माणूस वाहाकाला परत येतो, असं तिथे मानतात.

आता मुळ्यांकडे. दर 23 डिसेंबरला या चौकात ‘नोचे दे राबानोस’, मुळ्यांची रात्र, साजरी होते. नाताळच्या बाजारात गिऱ्हाइकाचं लक्ष जावं म्हणून भाजीवाले मुळे कोरून मांडत. 1897 मध्ये नगराध्यक्षांनी त्याची रीतसर स्पर्धाच लावली. ती आजही चालू आहे. यासाठी लागणारे मुळे खास पिकवतात आणि बाजारच्या मुळ्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस जमिनीत ठेवतात. ते वाकडेतिकडे, मनगटाहून जाड, लाल सालीचे होतात. कारागीर तो वाकडेपणाच वापरतो. फाटे फुटलेला मुळा असेल तर त्याचे हातपाय करायचे. लाल साल ठेवली की झगा, सोलली की आतला पांढरा गर म्हणजे चेहरा. बारीक मुळं राखली की दाढी. असे डझनावारी पुतळे जोडून ख्रिस्तजन्माचा देखावा, गावची जत्रा, लग्नाची वरात उभी करतात. मुळा कापला की काही तासांतच सुकून तपकिरी पडतो, म्हणून कारागीर सतत पाण्याचा फवारा मारत बसलेले असतात. लोक रांगेनं चालत बघतात, परीक्षक निकाल देतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी कलाकृती संपलेली. शेजारच्या टेबलांवर मक्याच्या सालपटांच्या आणि न कोमेजणाऱ्या वाळक्या फुलांच्या बाहुल्या असतात, त्यांनाही वेगळं बक्षीस. मुळा मूळचा मेक्सिकोचा नाही, तो स्पॅनिश लोकांनी आणला. वाहाकाच्या कारागिरांनी त्याचं जे केलं ते मात्र जगात दुसरीकडे कुठे नाही.

याच दिवसांत चौकाच्या कडेला बुन्युएलो मिळतात. पातळ लाटून तळलेली कुरकुरीत पोळी, वर पाक, मातीच्या बशीत. पोळी संपली की मनात इच्छा धरायची आणि बशी आपटून फोडायची.

मेरिदाची खुर्ची, व्हेराक्रूझचा पंखा

युकातान प्रांतातल्या मेरिदाच्या चौकात पांढऱ्या जोडखुर्च्या आहेत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. दोघं बसली की खांदे जवळ, नजरेला नजर, पण शरीर लांब. त्यांना ‘तू नि मी’ म्हणतात. मुलीला भेटायला येणारा मुलगा मर्यादेत राहावा म्हणून एका बापानं ही तोड काढली, अशी दंतकथा आहे. आज त्यावर सत्तरीतली जोडपी जास्त दिसतात, आणि ती फार छान दिसतात.

तिथल्या गाडीवर ‘मार्केसिता’ घ्याच. पातळ कुरकुरीत सुरळीत किसलेलं चीज भरतात, आणि चीज कुठलं, तर हॉलंडचं एडाम! गोड सारणाबरोबर खारट चीज ही जोडी जिभेला आधी कोड्यात टाकते आणि मग दुसरी सुरळी मागायला लावते. जवळच्या सान्ता लुसिया चौकात 1965 पासून दर गुरुवारी रात्री युकातानी गाण्यांची मैफल होते, तीही फुकट.

व्हेराक्रूझच्या चौकात संध्याकाळी ‘दान्सोन’ नाचतात. हा नाच क्युबाचा. पहिला दान्सोन 1879 मध्ये मातान्सास शहरात वाजला आणि समुद्र ओलांडून इथे आला तो कायमचा रुजला. पांढरे कपडे, चकचकीत बूट, बायकांच्या हातात पंखा. यात थांबण्याची जागा ठरलेली असते. संगीतातला तो ठरलेला तुकडा सुरू झाला की सगळी जोडपी जागच्या जागी उभी राहतात, बायका पंख्यानं वारा घेतात, पुरुष कपाळ टिपतात. तुकडा संपल्याबरोबर नेमक्या मात्रेवर सगळे एकदम पाऊल टाकतात. तो क्षण पकडण्यातच कसब. नाचणाऱ्यांत बहुतेक निवृत्त मंडळी, आणि त्यांच्याइतकं ताठ कुणीच उभं राहत नाही. नंतर धक्क्याकडच्या जुन्या कॉफीघरात जायचं. काचेच्या पेल्यात थोडी काळी कॉफी येते. चमचा पेल्यावर वाजवला की दुधाची किटली घेऊन माणूस येतो आणि हात उंच करून धार सोडतो.

व्हेराक्रूझ राज्यातच पापान्तला आहे, व्हॅनिलाचं गाव. तिथे चर्चपाशी उंच खांब आहे. पाच माणसं वर चढतात. एक टोकावरच्या वीतभर पाटावर बसून बासरी आणि छोटा ढोल एकदमच वाजवतो. उरलेले चौघं कमरेला दोर बांधून पाठीमागे झोकून देतात आणि उलटे फिरत खाली येतात. रीतीप्रमाणे प्रत्येकाचे फेरे 13. चौघांचे मिळून 52, आणि जुन्या पंचांगात 52 वर्षांनी कालचक्र पूर्ण होतं. युनेस्कोनं 2009 मध्ये या ‘व्होलादोरेस’ना मानवजातीच्या वारशात घेतलं.

वाजंत्री आणि मंडप

राजधानीतला गारिबाल्डी चौक मारियाचींचा. चांदीची बटणं लावलेल्या विजारी, रुंद टोप्या, व्हायोलिन, कर्णे आणि पोटाळलेली जाड गिटार. गाण्यागणिक पैसे, आधी ठरवून घ्यायचे. चौकाला नाव इटलीच्या प्रसिद्ध गारिबाल्डीच्या नातवाचं आहे. तो 1911 मध्ये मेक्सिकोच्या क्रांतीत लढला होता.

जुन्या शहरभर खाकी गणवेशातले ‘ओर्गानियेरो’ हँडल फिरवून पेटी वाजवतात. एक फिरवतो, दुसरा टोपी पुढे करतो. पेट्या मूळच्या जर्मनीच्या आणि शंभरीच्या पलीकडच्या, त्यामुळे सूर कधीचेच हललेत. गणवेश क्रांतिवीर पांचो व्हियाच्या शिपायांची आठवण म्हणून. शहरातल्या लोकांना तो हललेला सूरच हवा असतो. टोपीत नाणं टाका.

मंडपांमध्ये दोन विसरू नयेत असे. ग्वादालाहाराच्या ‘प्लासा दे आर्मास’चा किओस्को फ्रान्समध्ये घडवलेला, त्याचे खांब म्हणजे वाद्यं धरलेल्या ओतीव लोखंडी स्त्रिया. दुसरा मेक्सिको सिटीतल्या सान्ता मारिया ला रिबेरा वस्तीतला, मूरिश नक्षीचा आणि सगळाच लोखंडी. हा 1884-85 च्या न्यू ऑर्लिन्सच्या जागतिक प्रदर्शनात मेक्सिकोचं दालन होता. सुटा करून परत आणला, राजधानीच्या अलामेदा बागेत जोडला, तिथे त्यात लॉटरीच्या सोडती निघाल्या, आणि 1910 मध्ये आजच्या जागी आला. आता शनिवार-रविवारी तिथे शेजारचे लोक नाचाचा सराव करतात.

मेजाच्या टोकाला बसलेला मराठी माणूस

सोकालोपासून उत्तरेला दोन-तीन गल्ल्या चाललं की शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत लागते. तिच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरानं 1923 ते 1928 या काळात चित्रं काढली. वरच्या मजल्यावर एक चित्र आहे, ‘एल पान नुएस्त्रो’, आपली भाकरी. एका मेजाभोवती वेगवेगळ्या वंशांची माणसं आणि मुलं बसलीत, मागे एक स्त्री डोक्यावर फळांची टोपली घेऊन उभी आहे आणि मेजाच्या टोकाला बसलेला माणूस भाकरी मोडून वाटतोय. तो माणूस म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

1884 चा जन्म. देश स्वतंत्र करायचा म्हणून तरुणपणीच घर सोडलं. अमेरिकेत गदर चळवळीत होते, पहिल्या महायुद्धात इराणकडे इंग्रजांशी लढले. 1924 मध्ये मेक्सिकोला आले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत शिकवू लागले. मक्याच्या जातींवर त्यांनी केलेल्या कामाला तिथे मोठं नाव मिळालं. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या, त्यांच्या मक्याची छायाचित्रं तिना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीनं टिपली. ज्या मक्यावर मेक्सिकोची रोजची तोर्तिया होते, त्या मक्याचा जाणकार म्हणून विदर्भातला एक माणूस त्या देशात मानानं राहिला. 1967 मध्ये नागपुरात ते गेले. 2022 मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसवला गेला. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना हे नाव माहीत असायला हवं. बहुतेकांना ते नसतं, आणि याची मला खंत वाटते.

मेक्सिकोला जायचं ठरलं, तर चौकांसाठी रविवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. खिशात सुटी नाणी असू द्या, वाजवणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला द्यायला. विक्रेत्यांचा फोटो त्यांना विचारून काढा. आणि सोकालोत उभे असाल तर त्या दोन-तीन गल्ल्या चालून खानखोज्यांना भेटल्याशिवाय परत फिरू नका.